‘माझे गुण नेमके कुठे गेले?’ : लेखनाच्या कोर्सचे नियम आणि तपासणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: पदवीच्या पहिल्या वर्षाला लेखनाचा कोर्स पहिल्यांदाच शिकवायला घेतला आहे. सत्रात चार निबंध, प्रत्येकी २५ गुणांचे. पहिल्या दिवशी वाटायची नियमावली तयार आहे, ती सोबत पाठवली आहे. ती पुरेशी आहे का? आणि गुण कसे दिले म्हणजे निकालानंतर कुणी भांडायला येणार नाही?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते. भांडायला येतीलच. मी २० वर्षांहून जास्त काळ हेच शिकवतेय, आणि दर सत्रात कुणी ना कुणी तपासलेला निबंध हातात घेऊन दारात उभं असतं. आपल्या हातात एवढंच आहे, की ते भांडण ‘तुम्ही मला कमी दिलेत’ यावर न होता ‘तिसऱ्या परिच्छेदातला पुरावा पुरेसा होता की नव्हता’ यावर व्हावं. पहिल्या भांडणातून कुणालाच काही मिळत नाही. दुसऱ्यातून विद्यार्थी लिहायला शिकतो आणि अधूनमधून चूक आपलीच होती हे आपल्याला कळतं.

आता तुमची नियमावली. मी मोजले, ३१ नियम आहेत. त्यातले १९ कागदाच्या रूपाबद्दल: समास किती, फॉन्ट कोणता, पानाचा क्रमांक वर की खाली, स्टेपल कुठल्या कोपऱ्यात. आठ नियम शिक्षांबद्दल. उरले चार, ते लेखनाबद्दल, आणि त्यातला एक ‘लेखन दर्जेदार व मुद्देसूद असावे’ असा. विद्यार्थी नियमावली वाचतो ती गुण कशाला आहेत हे हुडकायला. तुमची तीन पानं वाचून त्याला वाटेल की इथे गुण स्टेपलला आहेत. तो स्टेपल अगदी नेमकी मारेल आणि आत जमेल तसं लिहील.

शिक्षांचे नियम लिहिताना मी एक परीक्षा लावते: वर्गातली सगळ्यात मन लावून लिहिणारी मुलगी हा नियम मोडतेय अशी कल्पना करायची, आणि तरीही आपण तो लावू का ते स्वतःला विचारायचं. ही अक्कल मला उशिरा आली. सुरुवातीच्या वर्षांत माझा नियम होता, ‘उशिरा आलेल्या निबंधाला शून्य’. कडक वाटत होता, मला स्वतःला तर फारच शोभतो असं वाटत होतं. मग एका मुलीचा निबंध दीड तास उशिरा आला आणि तो त्या वर्गातला सगळ्यात चांगला निबंध निघाला. मी गपचूप घेतला. दोन दिवसांनी दुसरा एक मुलगा एक दिवस उशिरा आला, त्याला मी नियम दाखवला. त्याने शांतपणे विचारलं, “मॅडम, तिला का नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या सत्रापासून मी शून्य काढून टाकलं. आता दर दिवसाला २५ पैकी एक गुण जातो, सात दिवसांनंतर निबंध घेत नाही, आणि सत्रात एकदा दोन दिवसांची सवलत प्रत्येकाला आहे, कारण न विचारता. कारण विचारायचंच नाही, हा यातला सगळ्यात उपयोगी भाग. कुणाचा आजार खरा आणि कुणाचा खोटा याचा निवाडा करण्यात माझे किती तास गेले याचा हिशोब नको.

रूपाचे १९ नियम एका ओळीत बसतात: वाचता येईल असा फॉन्ट, ओळींत शेरे लिहिण्याइतकं अंतर, पानांना क्रमांक. संदर्भांची पद्धत मात्र एकच सांगा आणि तिची आवृत्तीही सांगा. संदर्भ देण्याच्या प्रचलित पद्धतींपैकी एमएलएची नववी आवृत्ती २०२१ मध्ये आली, एपीएची सातवी २०१९ मध्ये आणि शिकागोची अठरावी २०२४ मध्ये. इंटरनेटवरचे नमुने जुन्या आवृत्त्यांचे असतात आणि मुलं तेच उचलतात. यातली कुठलीही चालेल. पण स्वल्पविराम की पूर्णविराम यावर गुण कापत बसू नका. माझी कसोटी साधी आहे: दिलेल्या नोंदीवरून मला पाच मिनिटांत त्या मजकुरापर्यंत, शक्य तर त्या पानापर्यंत, पोहोचता आलं पाहिजे. आलं तर गुण पूर्ण.

शब्दमर्यादेबद्दल तुम्ही ‘सुमारे १००० शब्द’ लिहिलं आहे. ‘सुमारे’ या शब्दावरून वर्षभर वाद होतील. ९०० ते ११०० असं लिहा. अवतरणं धरायची आणि शेवटची संदर्भसूची धरायची नाही, हेही लिहा. जास्त लिहिणाऱ्याचे गुण मी कापत नाही. ११०० शब्दांना पेन्सिलची रेघ मारते आणि पुढचं वाचत नाही. ज्याने आपलं खरं म्हणणं शेवटच्या परिच्छेदासाठी राखून ठेवलेलं असतं त्याला ते एकदा महागात पडतं, पुढच्या निबंधात ते म्हणणं पहिल्या पानावर येतं.

हे झालं सोपं. आता गुण.

आपण तपासताना किती हेलकावे खातो याची कल्पना आपल्यालाच नसते. १९१२ मध्ये डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या अमेरिकी संशोधकांनी इंग्रजीच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती १४२ शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एकाच उत्तरपत्रिकेला कुणी ६४ दिले तर कुणी ९८. भाषेच्या पेपरात असं व्हायचंच, असं लोक म्हणाले म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली, तिथली तफावत आणखी मोठी निघाली. १९६१ मध्ये पॉल डीडरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०० निबंध वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या ५३ जणांना वाचायला दिले, नऊ श्रेणींत लावायला सांगितलं आणि मुद्दाम कसलेही निकष दिले नाहीत. ९४ टक्के निबंधांना नऊपैकी किमान सात वेगवेगळ्या श्रेण्या मिळाल्या. म्हणजे तोच निबंध कुणाला उत्कृष्ट वाटला आणि कुणाला टाकाऊ.

या प्रयोगात मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. लोकांनी लिहिलेले शेरे तपासल्यावर असं दिसलं की वाचणाऱ्यांचे गट पडतात. काही जण विचाराला गुण देतात, काही व्याकरण आणि शुद्धलेखनाला, काही मांडणीला, काही शब्दांच्या निवडीला, आणि काही लिहिणाऱ्याच्या खास शैलीला. सगळे प्रामाणिक होते, फक्त प्रत्येक जण निबंधात वेगळीच गोष्ट वाचत होता. तुम्ही यातल्या कुठल्या गटात बसता हे विद्यार्थ्याला आधी कळायला हवं. आणि त्याही आधी तुम्हाला.

माझ्या २५ गुणांची वाटणी अशी आहे: म्हणणं ८, आधार ७, रचना ५, भाषा ३, संदर्भ २. हीच घ्या असं नाही. तुम्ही रचनेला सात द्याल, चालेल. पण वाटणी पहिल्या दिवशी छापलेली हवी आणि तपासताना समोर हवी, नाहीतर संध्याकाळी सात वाजता, तिसाव्या निबंधाला, तुम्ही सुंदर अक्षराला आणि ओळखीच्या नावाला गुण देऊ लागाल.

‘म्हणणं’ हा निकष मुलांना सगळ्यात अवघड जातो, म्हणून त्यावर थांबते. मुलं विषयालाच म्हणणं समजतात. ‘माझा निबंध ग्रंथालयातल्या शांततेबद्दल आहे’ हा विषय झाला. एखाद्या शहाण्या माणसाला जे ऐकून ‘मला नाही पटत’ असं म्हणता येतं, ते म्हणणं. एवढी एक चाचणी दिली तरी वर्गाचं अर्धं काम होतं. खाली दोन परिच्छेद देते. मी वर्गात वापरायला स्वतः तयार केलेले आहेत, पण असे दर सत्रात खरेखुरे येतात. प्रश्न होता: ‘ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बोलायला परवानगी असावी का?’

पहिला: “आजच्या धकाधकीच्या युगात ग्रंथालयाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. ग्रंथ हेच गुरू असे म्हटले जाते. वाचनासाठी शांतता अत्यंत आवश्यक असते. परंतु काही विद्यार्थ्यांना चर्चा करून अभ्यास करायला आवडते. त्यामुळे दोन्ही बाजूंचा साकल्याने विचार करून योग्य तो निर्णय घेणे ही काळाची गरज आहे.”

दुसरा: “वाचनकक्षात बोलायला बंदि आहे, पण परिक्षेच्या आधी सगळेच कुजबुजतात आणी कुणीच कुणाला अडवत नाही. म्हणजे नियम आहे आणि शांतताही नाही. मी तीन संध्याकाळी तिथे बसुन बघितलं तर बोलणारे बहुतेक जण एकमेकांना गणितं समजावत होते, गप्पा मारत नव्हते. त्यांना शेजारची खोली उघडून दिली तर वाचणाऱ्यांना शांतता मिळेल. नियम आणखी कडक करून ती मिळणार नाही, कारण समजावून घेण्याची गरज नियमाने संपत नाही.”

वर्गाला हे गुण द्यायला सांगितलं की बहुतेकांचा कौल पहिल्याला जातो. तो कानाला ओळखीचा लागतो, त्यात एकही चूक नाही, आणि ‘साकल्याने’ आहे. मग मी एकेक वाक्य घेते. पहिली दोन वाक्यं ग्रंथालयावरच्या कुठल्याही निबंधात, कुठल्याही वर्षी बसतील. ‘असे म्हटले जाते’, कोण म्हणतं? तिसरं आणि चौथं वाक्य प्रश्नातच दडलेलं होतं, लिहिणाऱ्याने ते आपल्याला परत दिलं. आणि शेवटी योग्य तो निर्णय घ्यावा. हो, पण कोणता? या परिच्छेदाला ‘मला नाही पटत’ असं म्हणणारा माणूस जगात सापडणार नाही, कारण त्यात पटण्या-न पटण्यासारखं काहीच नाही. निबंधभर हेच असेल तर म्हणण्याला मी ८ पैकी २ देते. आधाराला ७ पैकी १. भाषेला मात्र ३ पैकी ३, तिथे माझी काहीच तक्रार नाही.

दुसऱ्यात चार चुका आहेत: बंदी, परीक्षा, आणि, बसून. चारही ऱ्हस्व-दीर्घाच्या. त्या मला दिसतात आणि खटकतात, भाषेला मी ३ पैकी १ देते. पण इथे माणूस काहीतरी म्हणतोय, ते खोडता येईल असं म्हणतोय, आणि त्यासाठी तो तीन संध्याकाळी जाऊन बसला होता. ‘तीनच संध्याकाळी? त्याही परीक्षेच्या आधीच्या?’ असा प्रश्न मी समासात लिहीन आणि आधाराचे दोन गुण त्यासाठीच जातील. तरीही म्हणण्याला ६, आधाराला ५. भाषेत हा दोन गुणांनी मागे पडतो आणि म्हणणं-आधारात आठ गुणांनी पुढे जातो.

यावर तुमचे ज्येष्ठ सहकारी विचारतील, शुद्धलेखनाला इतकं स्वस्त केलंत? मलाही विचारतात. शुद्धलेखन मला बिनमहत्त्वाचं वाटत नाही. पण ती चूक दुसऱ्या कुणाच्या मदतीने दहा मिनिटांत सुधारता येते, पोकळ म्हणणं तसं सुधारता येत नाही, आणि गुण कशाला आहेत हे पाहून मुलं कष्ट वाटून घेतात. शिवाय चुका सारख्या नसतात. ‘दीन’ लिहून ‘दिवस’ म्हणायचं असेल तर अर्थच बदलला, ती चूक मी जड धरते. ‘आणी’मुळे कुणाचाही गैरसमज होत नाही.

चुका दाखवण्याची पद्धतही बदलून पाहा. मी पूर्वी लाल पेनने सगळं दुरुस्त करून द्यायचे. मुलं पान उलटून गुण पाहायची आणि निबंध बॅगेत कोंबायची. प्रूफरीडरचं काम मी फुकट करत होते. रिचर्ड हॅसवेल यांनी १९८३ मध्ये एक सोपी युक्ती मांडली: ज्या ओळीत चूक असेल तिच्यासमोर समासात नुसती खूण करायची, चूक कोणती ते सांगायचं नाही. विद्यार्थ्याने ती शोधून दुरुस्त करायची. त्यांच्या वर्गात मुलांनी ६० टक्क्यांच्या आसपास चुका स्वतःच पकडल्या. माझा अनुभव तसाच आहे. म्हणजे बहुतेक चुका अज्ञानाच्या नसतात, पुन्हा न वाचल्याच्या असतात. खुणा सुधारून आणल्या की भाषेचा एक गुण मी परत देते.

तुमच्या नियमावलीतला एक नियम मी आधी खोडेन: ‘निबंधात “मी” हा शब्द वापरू नये’. हेतू चांगला आहे, ‘मला असं वाटतं’चा पाऊस थांबवायचा. पण होतं काय, की ‘मी तीन संध्याकाळी बसलो’ असं सरळ लिहिणारा मुलगा ‘तीन संध्याकाळी निरीक्षण करण्यात आले असता असे आढळून आले की’ असं लिहू लागतो. निरीक्षण कुणी केलं, कुणाला आढळलं, सगळं धुक्यात. जिथे काम तुम्ही केलं तिथे ‘मी’ लिहा, आणि जिथे ‘मला वाटतं’ काढून टाकल्यावर वाक्यात काही फरक पडत नाही तिथे ते काढा. एवढं सांगितलं की पुरतं.

आता चोरी. तुम्ही ‘सॉफ्टवेअरमध्ये १५ टक्क्यांवर साम्य आढळल्यास निबंध बाद’ असं लिहिलं आहे. टर्निटिनसारखं सॉफ्टवेअर निबंधाचं इतर मजकुराशी असलेलं साम्य मोजतं. चोरी ठरवण्याचं काम त्याचं नाही, ते आपलं. ३० टक्के साम्य नीट दिलेल्या अवतरणांचं आणि संदर्भसूचीचं असू शकतं. चार टक्क्यांत एक अख्खा उचललेला परिच्छेद मावतो. आणि खरी गंमत पुढे आहे. समजा मूळ वाक्य असं आहे: “शहरं वाढतात तेव्हा आधी आकसतात त्या सावलीच्या जागा, आणि त्याचा फटका पायी चालणाऱ्यांना बसतो.” विद्यार्थी लिहितो: “नगरं विस्तारतात तेव्हा सर्वप्रथम कमी होतात ती छायेची ठिकाणं, आणि त्याचा तडाखा पादचाऱ्यांना बसतो.” सॉफ्टवेअर याला सहज सोडून देईल. पण वाक्याचा सांगाडा तसाच आहे, फक्त कपडे बदलले आहेत. आणि मूळ लेखकाचं नाव कुठेच नाही.

हे करणारी सगळी मुलं लबाड नसतात. रेबेका मूर हॉवर्ड यांनी १९९०च्या दशकात या ठिगळकामाचा अभ्यास करून हेच सांगितलं, की नवशिक्या माणसाला मजकूर पुरता कळलेला नसतो तेव्हा तो शब्दाला शब्द बदलत जातो. ती बरेचदा शिकण्याची एक पायरी असते. म्हणून पहिल्या निबंधात असं सापडलं तर मी गुण देतच नाही, पुन्हा लिहायला लावते. उपाय हातचा आहे: मूळ पान वाचायचं, उलटं ठेवायचं, दोन मिनिटं थांबून आठवेल ते आपल्या शब्दांत लिहायचं, मग पान उघडून ताडून पाहायचं. तसं केलं की साधारण असं उतरतं: “शहरवाढीची किंमत पादचारी मोजतात असं या लेखकाचं म्हणणं आहे, कारण झाडं आणि आडोसे सगळ्यात आधी जातात”, आणि पुढे पान क्रमांक. तिसऱ्या निबंधातही ठिगळंच सापडली तर मात्र ते न कळण्याचं प्रकरण राहत नाही, आणि तिथे तुमच्या महाविद्यालयाचे जे नियम असतील ते लावायला कचरू नका.

एआयबद्दल तुम्ही ‘सक्त मनाई’ इतकंच लिहिलं आहे. मनाई ठेवायची तर ठेवा, पण ती कशाने पकडणार? तुम्ही डिटेक्टरचा, म्हणजे यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा, विचार करत असाल तर दोन गोष्टी लक्षात घ्या. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर काढला होता. त्यांच्याच चाचणीत तो यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच ओळखत होता आणि माणसाच्या ९ टक्के मजकुरावर खोटा आळ घेत होता. जुलै २०२३ मध्ये त्यांनी तो मागे घेतला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या लोकांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध सात डिटेक्टरांतून काढले. सरासरी ६० टक्क्यांहून जास्त निबंध यंत्राचे ठरवले गेले. साधी, मोजकी शब्दसंपदा असलेला माणूस या यंत्रांना यंत्र वाटतो. तुमच्या वर्गात असा विद्यार्थी नक्की असेल, आणि आळ घ्यायला तोच पहिला सापडेल.

मी तीन ओळींचा नियम ठेवला आहे. विषय सुचण्यासाठी, शंका विचारण्यासाठी आणि शुद्धलेखन तपासण्यासाठी साधन वापरलं तर चालेल. निबंधाच्या शेवटी कशासाठी वापरलं ते दोन वाक्यांत लिहायचं. निबंधातली वाक्यं स्वतःची हवीत. संशय आलाच तर मी पाच मिनिटं बोलावून घेते आणि ‘हे तू लिहिलंस का’ असं विचारत नाही. विचारते, “हा दुसरा परिच्छेद आधी होता की नंतर आणलास? हा मुद्दा काढून टाकला तर काय बिघडेल?” ज्याने लिहिलंय तो अडखळत का होईना, पण सांगतो, बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त सांगतो. कच्चा मसुदाही जमा करायला लावते. आणि प्रत्येक निबंधातले दोन संदर्भ स्वतः उघडून पाहते, कारण यंत्र नसलेली पुस्तकं आणि न लिहिलेले लेख झोकात रचून देतं. नसलेला संदर्भ सापडला तर तो यंत्राने रचला की माणसाने, या वादात मी पडत नाही. निबंधावर नाव विद्यार्थ्याचं आहे. त्या निबंधाला आधाराचे आणि संदर्भांचे मिळून शून्य.

तपासायला बसताना थोडी शिस्त लागते. नावं झाका. एका गोष्टीवरून झालेलं मत बाकी सगळ्यावर पसरतं, याला एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२०मध्येच ‘हेलो इफेक्ट’ हे नाव दिलं. वर्गात हुशार प्रश्न विचारणाऱ्या मुलीचा ढिसाळ परिच्छेद आपल्याला खोल वाटू लागतो, तो त्यातलाच प्रकार. गठ्ठ्यातले पहिले पाच निबंध गुण न देता नुसते वाचा, म्हणजे वर्गाची पातळी कळते. मग पहिल्यापासून गुण द्यायला घ्या, आणि गठ्ठा संपल्यावर ते पाच पुन्हा काढा. माझे पहिल्या पाचांचे गुण जवळजवळ दर वेळी एखाद-दोनने बदलतात, बहुतेक वर जातात, कारण सुरुवातीला मी फार मोठ्या अपेक्षेने वाचत असते. शक्य असेल तर तीन निबंध सहकाऱ्याकडून तपासून घ्या; तीन गुणांहून जास्त फरक आला तर दोघांनी बसून कुठल्या निकषावर आला ते पाहा. यातून भांडणं होतात. व्हावीत, विद्यार्थ्यांसमोर होण्यापेक्षा बरी.

शेरे तीनच लिहा. एक जे जमलं त्याबद्दल, एक जे सगळ्यात जास्त नडलं त्याबद्दल, आणि एक पुढच्या निबंधात करून पाहायच्या गोष्टीबद्दल. ‘स्पष्ट नाही’, ‘विस्तार हवा’, ‘छान’ हे शेरे नव्हेत, सुस्कारे आहेत. त्याऐवजी: “इथे ‘त्यामुळे’ लिहिलं आहेस, पण आधीच्या वाक्यावरून हे निघत नाही. मधली पायरी कुठली?” एवढं लिहायला मला अर्धं मिनिट जास्त लागतं आणि विद्यार्थ्याला नेमकी जागा कळते.

आणि शेरे आधी द्या, गुण नंतर. रूथ बटलर यांच्या १९८८च्या अभ्यासात काही मुलांना नुसते शेरे दिले होते, काहींना नुसते गुण, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारली ती नुसते शेरे मिळालेली मुलं. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा फायदा झालाच नाही, गुण दिसल्यावर शेरे कोण वाचतं! म्हणून मी निबंध शेऱ्यांसह परत देते, त्यावर चार-पाच ओळींचं उत्तर मागते, आणि ते आल्यावर गुण सांगते. पहिल्यांदा वर्ग वैतागतो. पण त्या चार-पाच ओळींत बरीच मुलं आपले गुण स्वतःच ओळखतात, आणि त्यांचा अंदाज क्वचितच दोन-तीन गुणांनी चुकतो.

तक्रारीची वाटही लिहून ठेवा. गुण कळल्यावर एक दिवस थांबायचं, मग अर्ध्या पानात लिहून आणायचं: कुठला निकष, कुठला परिच्छेद, आणि तिथे काय आहे जे माझ्याकडून वाचायचं राहिलं. ‘मी खूप मेहनत घेतली’ हे कारण चालत नाही. मेहनत मला दिसत नाही, कागद दिसतो. हे पहिल्याच दिवशी हसत सांगा, निकालाच्या दिवशी सांगितलं तर ते क्रूर वाटतं. ‘फेरतपासणीत गुण कमीही होऊ शकतात’ हा तुमचा २९ क्रमांकाचा नियम मात्र काढा. माझ्याकडेही होता. त्याने तक्रारी कमी झाल्या खऱ्या, पण ज्यांची तक्रार खरी होती तीच मुलं घाबरून आली नाहीत. उरलेली तशीही येत होती.

एवढं सगळं केल्यावर तुमची तीन पानांची नियमावली एका पानात येईल. मागची बाजू कोरी राहते, तिथे वरचे ते दोन परिच्छेद छापा, गुण न छापता. पहिल्या तासाला नियम वाचून दाखवू नका. ‘यातला कुठला चांगला, आणि २५ पैकी किती?’ एवढं फळ्यावर लिहा आणि दहा मिनिटं गप्प बसा.